वाचकांचे प्रश्न : हशा कुठे अडतो?

प्रश्न : नव्या टीव्हीवर ‘अशी ही बनवाबनवी’ लावला, तर सगळेच आडवे पसरलेले दिसतात. शिवाय सिनेमा कालच शूट केलेल्या मालिकेसारखा वाटतो. टीव्हीत दोष आहे का? (एक वाचक, मिरज)

दोष नाही, दोन सेटिंगं आहेत. त्या काळच्या चित्रपटांच्या टीव्हीसाठी काढलेल्या बहुतेक प्रती ४:३ चौकटीच्या. तुमचा पडदा १६:९. चित्र ताणून तो भरला की रुंदी ३३ टक्क्यांनी वाढते आणि सडपातळ माणूसही पैलवान होतो. रिमोटवर ‘पिक्चर साइझ’ किंवा ‘अॅस्पेक्ट रेशो’मध्ये जाऊन ४:३ किंवा ‘ओरिजिनल’ निवडा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या. पट्ट्या नकोत म्हणून ‘झूम’ करू नका. त्यात वरचा-खालचा मिळून पाव भाग कापला जातो, आणि साडी नेसलेल्या लक्ष्मीकांत बेर्डेची अर्धी गंमत हात, पदर आणि चालण्यात आहे. चॅनेलनेच चित्र ताणून पाठवलं असेल, तर मात्र रिमोट फारसं काही करू शकत नाही.

दुसरं सेटिंग हालचालीचं. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. टीव्ही त्यांच्या मधली चित्रं स्वतःच्या अंदाजाने बनवून भरतो, म्हणून सगळं गुळगुळीत होतं. धावपळीच्या, धडपडण्याच्या दृश्यांत हा अंदाज चुकतो आणि हातापायांच्या कडा विरघळतात. सोनीत याला ‘मोशनफ्लो’ म्हणतात, एलजीत ‘ट्रूमोशन’, सॅमसंगच्या बऱ्याच मॉडेलांत ‘ऑटो मोशन प्लस’. सिनेमासाठी ते बंद करा, क्रिकेटसाठी हवं तर ठेवा.

जाता जाता आवाजाचंही बघा. ‘सराउंड’ चालू असेल तर तो बंद करून ‘स्टँडर्ड’ किंवा ‘क्लिअर व्हॉइस’ ठेवा. जुन्या चित्रपटांचा ध्वनी एकाच ट्रॅकचा. त्याला कृत्रिमपणे खोलीभर पसरवलं की संवाद पुटपुटल्यासारखे होतात आणि हशाचा शब्द नेमका हरवतो.

प्रश्न : टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत ऐकू येणारं हसणं खरं असतं का? आमच्याकडे यावरून रोज पैज लागते. (एक वाचक, डोंबिवली)

दोघेही जिंकाल. समोर प्रेक्षक असतील तर हशा खराच येतो, पण संकलनात तो वाढवता, कापता आणि दुसऱ्या जागी नेऊन बसवताही येतो. यंत्रातून हशा भरण्याची युक्ती अमेरिकेत १९५० च्या दशकात चार्ली डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने रूढ केली. त्याच्या पेटीला कळा होत्या. कोणती दाबली त्यावर खुसखुस की गडगडाट ते ठरायचं. ‘मॅश’ या युद्धकाळातल्या लष्करी रुग्णालयावरच्या विनोदी मालिकेच्या निर्मात्यांना तो हशा नको होता. वाहिनी ऐकेना, तेव्हा निदान शस्त्रक्रियेच्या दृश्यांपुरती तरी त्यांनी त्यातून सुटका मिळवली.

पैजेसाठी डोळे मिटून ऐका. खरा हशा एका कोपऱ्यातून सुरू होतो, पसरतो, विरत जातो, आणि शेवटी उशिरा समजलेला कुणीतरी एकटाच हसतो. भरलेला हशा सुरुवातीलाच पूर्ण उंचीवर असतो आणि पुढचं वाक्य आलं की नळ बंद केल्यासारखा थांबतो. मग डोळे उघडून नटाकडे बघा. हशा चालू असताना तो थांबला नसेल, तर शूटिंगच्या वेळी तिथे हशा नव्हता.

आमची खरी तक्रार वेगळी आहे. पंच पडताच कॅमेरा पाहुण्याच्या हसणाऱ्या चेहऱ्यावर जातो. पंचनंतर नट कसा बघतो यात निम्मा विनोद असतो, आणि तोच आपल्याला दिसत नाही. पाहुणा हसला हे कळून प्रेक्षकाला काय मिळतं, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही.

प्रश्न : कॉलेजच्या गॅदरिंगला आठ मिनिटांचं स्किट करतोय. तालमीत आम्ही लोळून हसतो, पण दुसऱ्या वर्गाला दाखवलं तर शांतता. काय चुकतंय? (एक विद्यार्थी, लातूर)

आधी शब्द मोजा. आठ मिनिटांना सातशे शब्द पुरे. हजाराच्या वर गेलात की सगळे धावत बोलतात आणि हशाला जागाच उरत नाही.

मग वाक्यं तपासा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि विनोदाचा घात तिथेच होतो. ‘सासऱ्यांनी जावयाला दिवाळसणाला कुकरची शिट्टी दिली.’ यात हसायचा शब्द ‘शिट्टी’, पण त्याच्या मागून ‘दिली’ येऊन प्रेक्षकाला थोपवतं. ‘दिवाळसणाला सासऱ्यांनी जावयाला दिलं काय? कुकरची शिट्टी!’ असं म्हणा. शब्द संपला की तोंड बंद. ‘शिट्टी दिली हो, शिट्टी!’ ही पुस्ती जोडलीत तर आलेला हशा तुम्हीच खाल्लात.

हशा पूर्ण थांबायची वाट बघू नका, आणि ऐन भरात असताना बोलूही नका. तो अर्ध्यावर उतरला की पुढचं वाक्य घ्या. हसू आलंच नाही तर रेंगाळू नका, जणू विनोद नव्हताच असं पुढे चला.

माइकचीही चूक असणार. दोन स्टँड माइक असतात आणि नट एकमेकांकडे तोंड करून बोलतात, म्हणजे वाक्य जातं विंगेत. अंग जोडीदाराकडे, तोंड तिरकं प्रेक्षकांकडे ठेवा. हातातला माइक ओठांपासून चार बोटांवर धरा. जाळी मुठीत धरू नका आणि स्पीकरच्या पुढ्यात जाऊ नका, शिट्टी वाजते. (कुकरची नव्हे.)

आणि तालमीत तुम्ही हसता ते वर्गातल्या माणसांच्या नकलेला. ती माणसं दुसऱ्या वर्गाला माहीत नाहीत. नक्कल ठेवायची असेल तर आधी दोन वाक्यांत ते पात्र उभं करा. गावाकडची बोली हाच विनोद असं समजून लिहिलेली वाक्यं मात्र सरळ कापा.

प्रश्न : दादा कोंडके यांचे चित्रपट सगळ्या घराने मिळून बघावेत का? (एक वाचक, बार्शी)

‘सोंगाड्या’पासून (१९७१) सुरू करा, तो तुलनेने सोवळा आहे. तो लिहिला वसंत सबनीसांनी. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य त्यांचंच, आणि वर आलेल्या ‘बनवाबनवी’चं लेखनही त्यांचंच. दादांचे ओळीने नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली, ती नुसत्या चावटपणावर नव्हे. त्यांच्या द्व्यर्थी वाक्याचा साधा अर्थ स्वतःच्या पायावर पूर्ण उभा असतो आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर दुसऱ्या अर्थाचा मागमूस नसतो. चावटपणा करतो तो ऐकणारा. नक्कल करणारे डोळा मारतात आणि तिथेच पडतात.

तरीही घरात वाद मिटला नाही, तर आजीला विचारा. तिने ‘सोंगाड्या’ थिएटरात पाहिलेला असण्याची शक्यता बरीच आहे.