इमर्जन्सी की आपत्ती : कुणी काय शिकावं?

प्रश्न : एमबीबीएस झालं आहे. इमर्जन्सीतच काम करायचं आहे, पण नीट-पीजीचा क्रमांक जेमतेम आहे. एका खासगी रुग्णालयात तीन वर्षांचा एमईएम (मास्टर्स इन इमर्जन्सी मेडिसिन) मिळतो आहे. घ्यावा का? (सोलापूर)

उत्तर : आमचा सल्ला, शक्य असेल तर आणखी एक वर्ष द्या आणि डीएनबीची (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची, एमडीच्या बरोबरीची पदवी) जागा मिळवा. इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र शाखा म्हणून भारतात २००९ मध्ये मान्यता मिळाली. एमडी आणि डीएनबी दोन्ही ३ वर्षांचे, दोन्ही वैद्यक परिषदेत नोंदवता येतात. एमईएममध्ये काही ठिकाणी शिकायला उत्तम मिळतं आणि खासगी नोकरीही लागते. पण राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मान्य पदव्यांत तो बसत नाही, त्यामुळे तज्ज्ञ म्हणून नोंद होत नाही आणि वैद्यकीय महाविद्यालयातल्या अध्यापकपदाची वाट बंद राहते. राज्य कोट्याच्या प्रवेश फेऱ्या राज्याचं सीईटी सेल घेतं, अखिल भारतीय कोटा आणि डीएनबीच्या एमसीसी ही केंद्राची समुपदेशन समिती घेते. एकीकडे नोंदणी केली म्हणजे दुसरीकडे झाली, असं होत नाही.

जागा निवडताना तिथल्या निवासी डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा. रात्री दोन वाजता कन्सल्टंट विभागात असतो की फोनवर? श्वासनलिकेत नळी इमर्जन्सीचा निवासी घालतो की भूलतज्ज्ञाची वाट पाहावी लागते? वाट पाहावी लागत असेल तर तुमची तीन वर्षं केसपेपर लिहिण्यात जातील.

प्रश्न : मी बीएएमएस, १०८ च्या गाडीवर आहे. सिंबायोसिसचा इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिसेसचा पदव्युत्तर डिप्लोमा करावा की ‘टिस’मधलं (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आपत्ती व्यवस्थापनाचं एमए? (परभणी)

उत्तर : ही दोन वेगळी कामं आहेत. डिप्लोमा गाडीवर आणि कॅज्युअल्टीत उपयोगी पडतो. तुमची मूळ नोंदणी मात्र त्याने बदलत नाही, पाटीवर ‘इमर्जन्सी तज्ज्ञ’ लिहिता येणार नाही. टिसच्या पदवीत रुग्ण तपासायला शिकवत नाहीत. तिथे धोक्याचा अंदाज, २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, मदत आणि पुनर्वसनाचं नियोजन शिकायचं असतं. हातात रुग्ण हवा असेल तर डिप्लोमा घ्या.

फक्त त्यात सामूहिक अपघाताची रंगीत तालीम प्रत्यक्ष करून घेतात का, ते आधी बघा, कारण ही गोष्ट वाचून येत नाही. ‘स्टार्ट’ या जखमींच्या झटपट वर्गवारीच्या पद्धतीत एका जखमीला जास्तीत जास्त एक मिनिट. आधी पुकारा करायचा, ‘चालता येतंय त्यांनी या झाडाखाली या.’ येतील त्यांना हिरवी पट्टी. उरलेल्यांचा श्वास बघा. नसेल तर श्वासमार्ग मोकळा करा, तरीही नाही तर काळी (वाचण्याची आशा नाही), सुरू झाला तर लाल (उपचार सर्वांत आधी). मिनिटाला ३० हून जास्त श्वास, मनगटाची नाडी लागत नाही किंवा साधी सूचना पाळता येत नाही, यांपैकी काहीही एक असलं तरी लाल. बाकीचे पिवळे, म्हणजे थोडं थांबू शकणारे. वाहतं रक्त तेवढं दाबून बांधायचं आणि पुढे जायचं. गाडीवर एका वेळी एकच रुग्ण पाहिलेला डॉक्टर नेमका इथे अडकतो. श्वास नसलेल्याला सीपीआर देत बसतो आणि तोवर शेजारचा, वाचू शकला असता असा माणूस रक्तस्रावाने जातो.

दुसरी चूक रुग्णालयात होते. चालते जखमी रिक्षा, जीप, मिळेल त्या वाहनाने आधी पोहोचतात, तेही सर्वांत जवळच्या दवाखान्यात. गंभीर जखमी ॲम्ब्युलन्सने मागून येतात, तोवर खाटा भरलेल्या असतात. म्हणून पट्टी लावणारा अनुभवी माणूस फाटकावरच हवा, आणि हिरव्यांची सोय कॅज्युअल्टीपासून लांब, ओपीडीच्या बाजूला. चांगल्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला असा आराखडा स्वतः तयार करायला लावतात.

प्रश्न : मी स्टाफ नर्स. २०१९ च्या पुरात निवारा केंद्रात काम केलं. जखमी थोडे होते, जुलाब, ताप आणि बीपी-साखरेच्या गोळ्या वाहून गेलेले लोक जास्त. हे कुठे शिकवतात? (कोल्हापूर)

उत्तर : तुम्ही पाहिलंत तेच पुरात बहुतेक ठिकाणी दिसतं. भारतीय परिचर्या परिषदेचा ‘इमर्जन्सी अँड डिझास्टर नर्सिंग’ हा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. संस्थेला परिषदेची मान्यता त्या वर्षासाठी चालू आहे का, ते फी भरण्याआधी तपासा. डिप्लोमा झाल्यावरही छावणीच्या आरोग्याचा अभ्यास वेगळा करावा लागेल, त्यासाठी ‘स्फिअर’ या आंतरराष्ट्रीय मदतकार्याच्या पुस्तिकेतली मानकं घ्या. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, २० जणांमागे एक शौचालय. रोज १०,००० लोकांमागे एकाहून जास्त मृत्यू होऊ लागले तर ती आणीबाणी समजायची, म्हणून मृत्यूची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी लागते. केंद्रात आलेल्यांची यादी करतानाच वय, गरोदरपण आणि रोजची औषधं हे तीन रकाने ठेवा. इन्सुलिन, बीपी आणि फिट्सच्या गोळ्या किती लागतील, हे त्या यादीवरून त्याच संध्याकाळी तालुक्याला कळवता येतं.