बेटावरचा खून आणि भरतीचे गणित

प्रश्न : १६७९ मध्ये मराठे मुंबईजवळच्या खांदेरी बेटावर किल्ला बांधत होते आणि इंग्रजांच्या जहाजांनी बेटाला वेढा घातला होता, त्यावर रहस्य कादंबरी लिहितो आहे. रात्री बेटावर खून होतो, सगळ्या वाटा बंद, म्हणजे खुनी आतलाच. आम्हा खान्देशातल्यांना समुद्राची सवय नाही. चूक कुठे होईल?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : 'सगळ्या वाटा बंद' इथेच. इंग्रजांची मोठी जहाजे वाऱ्यावर चालत. वारा पडला की जागच्या जागी. मराठ्यांच्या उथळ बुडाच्या होड्या वल्ह्यांवर निघत आणि अंधारात रसद बेटावर पोचवत. त्यामुळे त्या रात्री कोणी आले-गेले नाही, हे तुम्हाला दाखवावे लागेल.

त्यासाठी भरती-ओहोटीचा आधार घ्या. भरतीनंतर साधारण ६ तास १२ मिनिटांनी ओहोटी, आणि रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातला ठोकताळा सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी सर्वांत जास्त चढते-उतरते; अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाणी कमी चढते आणि कमीच उतरते. होडी बेटाला लागू नये म्हणून खडक पार उघडे पडायला हवेत तर उधाणाचीच ओहोटी लागेल, पण ती सकाळ-संध्याकाळी साधारण सहाला येते. पौर्णिमेच्या मध्यरात्री भरती असते. तिथे ओहोटी दाखवलीत तर किनाऱ्यावरचा वाचक लगेच पकडेल.

तिथी काढताना सांभाळा. इंग्रजांची पत्रे जुन्या कॅलेंडरची आहेत. त्यातली १८ ऑक्टोबर १६७९ ची लढाई आजच्या हिशोबाने २८ ऑक्टोबरची. १० दिवस मिळवल्याशिवाय चंद्र जुळणार नाही.

शेजारच्या उंदेरीवरून तोफा डागायच्या तर थांबा, जंजिऱ्याचा सिद्दी तिथे जानेवारी १६८० मध्ये आला. खांदेरीचे दीपगृह १८६७ चे, ते नकोच. खुनी पायी यायला हवा असेल तर अलिबागचा कुलाबा घ्या, ओहोटीला चालत जाता येते. मात्र त्याचे बांधकाम १६८० चे, कथा पुढे सरकवावी लागेल.

प्रश्न : अशा कथेत खान्देशी पात्र ओढूनताणून वाटेल का?
– एक वाचक, एरंडोल

उत्तर : मुळीच नाही. त्या दशकात धरणगावला इंग्रजांची वखार होती. तिथला कारकून कापडाच्या गाड्यांबरोबर सुरतेला आणि तिथून जहाजाने मुंबईला येऊ शकतो. फक्त भर पावसाळ्यात त्याला जहाजावर चढवू नका. नारळी पौर्णिमा होऊ द्या.