चरबीच्या पेशी वर तरंगतात, खाली शोधू नकोस

अगं, आधी ते चरबीचं ऊतक बर्फातून काढ. मीही पहिल्या वर्षी बर्फात ठेवलं होतं, त्यात लोकल रखडल्या; डबा उघडला तर चरबी थिजून गोळा. कोलॅजिनेज या विकराने पेशी सुट्या करून सेंट्रिफ्यूज केलंस की चरबीच्या पेशी वरच येतात. पिपेटच्या रुंद तोंडाच्या टिपनेच उचल, फुटतात गं पटकन.

तू अभ्यासतेस ते सीडी७३ हे विकर पेशीच्या बाहेरच्या अंगावर बसतं आणि एएमपी या रेणूचं ॲडिनोसिन करतं. ते ॲडिनोसिन पेशीवरच्या ए१ रिसेप्टरला लागलं की लिपोलिसिस, म्हणजे साठलेली चरबी तुटणं, मंदावतं. म्हणजे ट्यूबमध्ये पेशी जास्त झाल्या तरी ॲडिनोसिन साठतं आणि तुझे लिपोलिसिसचे आकडे आपोआप खाली येतात. तू मात्र औषधाचा परिणाम समजशील. ॲडिनोसिन संपवणारं विकर, ॲडिनोसिन डिअमिनेज, घातलं की नाही, किती घातलं, त्याच दिवशी वहीत लिही.

रक्तातली चरबी तोडणाऱ्या लायपोप्रोटीन लायपेज या विकराचं म्हणजे राहायला डोंबिवली, नोकरी फोर्टला. बनतं चरबीच्या पेशीत, काम केशवाहिनीच्या आतल्या भिंतीवर, तिथल्या जीपीआयएचबीपी१ या प्रथिनाला धरून. सुट्या पेशींत त्याचं अर्धंच चित्र दिसेल. आणि हेपरिन हे रक्त गोठू न देणारं औषध त्याला भिंतीवरून सोडवतं, तेव्हा उंदराला ते टोचायच्या आधी मला विचार.