वाळूजच्या लॉजवर तुझं घोरणं ऐकलं त्याबद्दल

अरे बाबा,

परवा वाळूजला ऑडिटला गेलो तेव्हा लॉजवर एकच रूम मिळाली, आणि सकाळी तू विचारलंस "काका, झोप झाली ना नीट?" तेव्हा मी नुसती मान हलवली. खरं सांगायचं तर दोन ते साडेतीन मी टक्क जागा होतो. घोरण्यामुळे नाही रे, घोरण्याचं काय, मी स्वतः वीस वर्षं घोरलोय. तू घोरता घोरता मधेच थांबायचास त्यामुळे. एकदम शांत. छाती हलतेय, पोट वरखाली होतंय, पण नाकातोंडातून हवा म्हणून काही नाही, मी मोबाईलवर सेकंद मोजत बसलो, बावीस, एकदा तर एकतीस, आणि मग एकदम गुदमरल्यासारखा आवाज करून तू कूस बदलायचास की परत इंजिन सुरू. सकाळी तुला यातलं काहीच आठवत नव्हतं. कोणालाच आठवत नाही, तिथंच सगळं अडतं.

आणि येताना गाडीत तू म्हणालास की जिम लावलं होतं, तीन आठवड्यात चारशे ग्रॅम उतरले, मग सोडून दिलं. ते ऐकून मला राहवलं नाही म्हणून हे लिहितोय. समोरासमोर बोललो असतो तर तू "हो काका, हो काका" करून विषय बदलला असतास.

याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते आणि हवेची वाट बंद होते. दहा सेकंद किंवा जास्त श्वास थांबला की तो एक ॲप्निया. रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, मेंदू घाबरून तुला अर्धवट उठवतो, घसा मोकळा होतो, तू परत झोपतोस. असं तासाला किती वेळा होतं (श्वास पूर्ण बंद आणि अर्धवट बंद दोन्ही धरून) तो आकडा म्हणजे एएचआय. पाचच्या आत नॉर्मल, पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम, तीसच्या वर म्हणजे गंभीर. आपल्याकडे घोरणाऱ्याला म्हणतात बघा कसा ढाराढूर झोपलाय. अरे कसला ढाराढूर, तो रात्रभर गळा आवळणाऱ्याशी मारामारी करत असतो.

माझा आकडा चौतीस निघाला होता. त्याआधी दोन वर्षं मी काय काय म्हणालो माहितीये? सकाळी डोकं दुखतं तर ॲसिडिटी. रात्री तीनदा बाथरूमला उठतो तर शुगर असेल, शुगर तपासली, नॉर्मल. बीपीची गोळी चालू असूनही सकाळचं बीपी जास्त, तर प्रॉडक्शनचं टेन्शन. मीटिंगमध्ये डुलकी लागली तर पीपीटीच तशी होती, ते मात्र खरं होतं. मग एकदा उर्से टोलनाक्याच्या लायनीत मी स्टिअरिंगवर झोपलो, मागच्याच्या हॉर्ननं जाग आली. गाडी उभी होती म्हणून बरं. त्या दिवशी आमच्या हिनं किल्ली काढून घेतली आणि डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली, माझं काही चाललं नाही.

आणि हे फक्त ढेरपोट्या म्हाताऱ्यांना होतं असं समजू नकोस. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात सरकारी नोकरांवर, म्हणजे रोज ऑफिसला जाणाऱ्या तीस ते साठ वयाच्या साध्या माणसांवर अभ्यास झाला, १९९३ साली छापून आला. पुरुषांत २४ टक्के आणि बायकांत ९ टक्के लोकांचा आकडा पाचच्या वर निघाला, आणि बऱ्याच जणांना दिवसा काही जाणवतही नव्हतं. आपल्या मुंबईतही रुटीन हेल्थ चेकअपला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांवर असाच अभ्यास झाला, २००४ मध्ये आला, तिथं साधारण १९.५ टक्के. म्हणजे पाचातला एक. आपल्या कंपनीच्या बसमध्ये बसून मोज.

आता तुझ्या जिमकडे येतो. वजनाचा संबंध आहे, नाही असं नाही. त्याच विस्कॉन्सिनच्या लोकांना काही वर्षं धरून पाहिलं तर दहा टक्के वजन वाढलेल्यांचा आकडा सरासरी ३२ टक्क्यांनी वर गेला आणि दहा टक्के उतरवलेल्यांचा २६ टक्क्यांनी खाली आला. पण तू जिथं चुकलास ते हे, की काटा हलला नाही म्हणजे व्यायाम वाया गेला असं धरलंस. २०११ मध्ये साऊथ कॅरोलिनात ४३ जणांवर प्रयोग झाला, सगळे बैठे, जाड, ॲप्निया असलेले. काहींना १२ आठवडे, आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल असा व्यायाम आणि दोन दिवस वजनं उचलायला दिली, बाकीच्यांना नुसतं स्ट्रेचिंग. व्यायामवाल्यांचा आकडा सरासरी ३२ वरून २५ च्या आसपास आला, स्ट्रेचिंगवाल्यांचा उलट थोडा वाढला. आणि व्यायामवाल्यांच्या वजनात म्हणावा असा फरक नव्हता! म्हणजे चारशे ग्रॅमवाल्या माणसाचाही श्वास सुधारू शकतो, फक्त ते काट्यावर दिसत नाही. आणि बारा आठवडे, तीन नव्हे.

हे कसं होतं त्याचं एक कारण मला फार आवडलं कारण ते आपल्याला रोज पायावर दिसतं. संध्याकाळी सेफ्टी शूज काढलेस की मोज्याचा वळ उठलेला असतो ना घोट्यावर? दिवसभर उभं राहून किंवा खुर्चीत बसून पायात पाणी साठतं, रात्री आडवा झालास की ते वर सरकतं, त्यातलं थोडं मानेत येतं आणि घशाच्या भोवती जागा कमी होते. चालताना पोटऱ्या पंपासारखं काम करतात, ते पाणी दिवसाच वर ढकलतात, रात्रीसाठी शिल्लक कमी राहते. हे एकमेव कारण नाही, पण म्हणूनच "मी दिवसभर शॉपफ्लोअरवर उभाच असतो की" हे मला सांगू नकोस. उभं राहणं वेगळं, चालणं वेगळं.

(जाता जाता गंमत सांगतो. स्वित्झर्लंडमध्ये २५ जणांपैकी १४ जणांना डिजेरिडू नावाचं ऑस्ट्रेलियातलं लांबलचक फुंकायचं वाद्य चार महिने वाजवायला दिलं, घशाच्या स्नायूंना व्यायाम म्हणून, आणि फरक पडला, २००६ साली छापलंय. आता आपल्याकडे शंखावरही असं काम झालंय. मी सोसायटीत आठ दिवस शंख फुंकून पाहिला, नवव्या दिवशी सेक्रेटरी आले.)

पण आता माझी चूक ऐक, कारण हे सगळं वाचून तू नेमकी तीच करशील. टोलनाक्याच्या आधीच मला एका ओळखीच्या डॉक्टरांनी टेस्ट कर म्हणून सांगितलं होतं आणि मी म्हणालो, नको, मी आधी तळजईला चालायला जातो, सहा महिन्यात सगळं नीट करून दाखवतो. झालं काय, रात्रभर झोप नाही त्यामुळे सकाळी पाचला उठवेना, उठलो तर पाय शिशाचे, दोन दिवस गेलो की तिसऱ्या दिवशी दांडी, आणि मनात म्हणायचो आपण आळशीच. आळशी नव्हतो रे, झोपलेलोच नव्हतो. शेवटी टेस्ट झाली, सीपॅप मशीन आलं, नाकावर मास्क लावून हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवतं ते. पहिले पंधरा दिवस मी त्याला शिव्या दिल्या, नाक कोरडं पडायचं, मास्क मधेच ओढून फेकायचो, आमची ही म्हणायची फायटर पायलट झोपलाय शेजारी. मग एक दिवस सकाळी अलार्मच्या आधी जाग आली आणि डोकं दुखत नव्हतं. चालणं खरं त्यानंतर सुरू झालं. दीड वर्षानं परत टेस्ट केली तर चौतीसचे तेवीस, वजन जेमतेम दोन किलो कमी. तेवीस म्हणजे अजून मध्यमच, म्हणून मशीन अजून लावतो. व्यायामानं मशीन सुटलं नाही, मशीननं व्यायाम जमला.

तेव्हा तू आधी स्लीप स्टडी करून घे. हल्ली घरीही होते, छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी, बोटाला चिमटा, एक रात्र झोपायचं. छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, घड्याळातल्या स्लीप स्कोरवर जाऊ नकोस. जाताना बायकोला बरोबर ने, तिनं जे पाहिलंय ते तू पाहिलेलं नाहीस. डॉक्टर तोंडात टॉर्च मारून टॉन्सिल बघतील, नाकाचं हाड बघतील, मानेचा घेर मोजतील. आकडा काय येईल तो येऊ दे, उपाय ते ठरवतील. तोवर पाठीवर झोपू नकोस, कुशीवर झोप. शनिवारची ती दोन पेगवाली बैठक बंद ठेव कारण दारूनं घसा अजून सैल पडतो, आणि झोप लागत नाही म्हणून मेडिकलमधून गोळी आणून तर अजिबात घेऊ नकोस. सेकंड शिफ्ट संपल्यावर बाईकनं घरी जायचं नाही, बसनंच जायचं. यात मी ऐकणार नाही.

व्यायामाचं म्हणशील तर जिमची फी गेली ती गेली. बसच्या स्टॉपच्या एक स्टॉप आधी उतर आणि झपाझप चाल, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका दम लागला पाहिजे, रोज तीस मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस. दोन दिवस घरीच बैठका आणि जोर, आजोबा काढायचे तसे. वजन महिन्यातून एकदा बघ, काटा सारखा समोर असला की त्याच्यावर चढावंसं वाटतं म्हणून सरळ माळ्यावर टाक.

त्या रात्री मी तुझं अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग केलंय, न विचारता केलं त्याबद्दल सॉरी. व्हॉट्सॲपवर पाठवतोय. हेडफोन लावून ऐक, बसमध्ये स्पीकरवर नको, चौथ्या मिनिटाच्या पुढे ती एकतीस सेकंदवाली शांतता आहे. डॉक्टरलाही तेवढंच ऐकव.

तुझा
काका