रोटरीत नवीन आलात? आधी पोलिओ बूथवर उभे राहा

पहिल्याच वर्षी परदेशी क्लबबरोबर मोठा प्रकल्प करायची घाई करू नका. अशा प्रकल्पांसाठी रोटरी फाउंडेशन जे अनुदान देतं, त्या ग्लोबल ग्रँटला किमान 30,000 डॉलरचं बजेट लागतं, दुसऱ्या देशातला भागीदार क्लब लागतो आणि अर्जाआधी गावाची गरज तपासावी लागते. ही तपासणी कागदावर उरकू नका. शाळेला पाणी शुद्ध करायचं यंत्र देणार असाल, तर फिल्टर कोण बदलणार, वीजबिल कोण भरणार, हे मुख्याध्यापकांना आधी विचारा. देणगीदाराची पाटी काय, नंतरही लावता येते.

सुरुवात पल्स पोलिओच्या रविवारी करा. रोटरीने 1985 साली पोलिओप्लस ही पोलिओ निर्मूलनाची मोहीम हाती घेतली आणि 2014 मध्ये भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. तरी डोस चालूच आहेत, कारण पाकिस्तान-अफगाणिस्तानात विषाणू अजून आहे. बूथवर आशाताई सांगतील ते करा. त्या डोस पाजतील, तुम्ही बाळाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण करा. खरं काम दुसऱ्या दिवशी, घरोघरी. वीटभट्टीवरची आणि ऊसतोड टोळ्यांबरोबर आलेली मुलं सहज सुटतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटते. टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, कुठे पडल्यात, हे साखर कारखान्याच्या गट ऑफिसात आधीच विचारून ठेवा.