उंटाने घोडा पिन केला, तर लगेच एच६ खेळावे का?

आपला प्रश्न असा आहे की, बुद्धिबळाच्या इटालियन ओपनिंगमध्ये (डाव सुरू करण्याच्या एका पद्धतीत) काळ्या मोहऱ्यांनी खेळताना पांढऱ्याचा उंट जी५ वर येऊन आपला एफ६ वरचा घोडा पिन करतो (म्हणजे घोडा हलला तर मागचा वजीर मारला जाईल असा जखडतो), तेव्हा त्या उंटाला ताबडतोब एच६ खेळून, म्हणजे प्यादे एच६ वर ढकलून, हुसकावावे का. माझ्या मते, याचे उत्तर आपले कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला सुरक्षित जागी नेणे) झाले आहे की नाही यावर अवलंबून आहे.

ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ उंट सी५, डी३ घोडा एफ६, घोडा सी३ डी६, उंट जी५ ही नेहमीची स्थिती घ्या. येथे खरा धोका उंटापेक्षा सी३ वरच्या घोड्याचा आहे. आपण बेसावधपणे छोटे कॅसलिंग केले, तर तो डी५ वर येऊन एफ६ वर दुसरा मारा करतो, आणि त्याने तेथे शह देत घोडा मारला की वजिराने परत मारता येत नाही (वजीरच गमवावा लागतो). जी प्याद्याने मारावे लागते आणि राजापुढची तटबंदी फुटते.

म्हणून या स्थितीत कॅसलिंग लांबवून एच६ खेळणे मला योग्य वाटते. उंटाने घोडा मारल्यास आपण वजिराने मारावे. पांढरा घोडा डी५ वर आला की वजीर डी८ वर परत न्यावा, म्हणजे सी७ सुरक्षित राहते आणि उंटांची जोडी आपल्याकडे उरते. उंट एच४ वर हटला तर जी५ खुशाल खेळावे, कारण राजा अजून मध्येच आहे. कॅसलिंगनंतर मात्र जी५ खेळण्यापूर्वी घोड्याचा बळी मोजून पाहावा: पांढरा एका घोड्याच्या बदल्यात दोन प्यादी घेतो, उंट पुन्हा जी५ वर बसतो आणि पिन तशीच राहते. कॅसलिंग झालेले असून पांढरा घोडा अद्याप बी१ वरच असेल, तर उंट ई७ वर आणून पिन सोडवणे मला अधिक पसंत आहे. त्यात एक चाल जाते, पण राजा निर्धास्त राहतो.

वजिरापुढची पिन मोडताही येते, हे १८व्या शतकातील पॅरिसचे खेळाडू लेगाल यांच्या नावाच्या मातेत दिसते: ई४ ई५, घोडा एफ३ डी६, उंट सी४ उंट जी४, घोडा सी३ जी६, आणि आता पिन झालेला घोडाच ई५ मारतो. काळ्याने वजीर घेतला की उंट एफ७ वर शह देतो, राजा ई७ वर जातो आणि घोडा डी५ वर येऊन मात होते. परंतु काळ्याचा घोडा सी६ वर असेल तर तो ई५ मारून जी४ च्या उंटालाही जोर देतो, आणि पांढऱ्याचा घोडा फुकट जातो.