सायकल सवाल-जवाब : माल पुढे की मागे?

गेल्या अंकात पॅरिसच्या जुन्या पेपरवाल्यांच्या पोर्तर सायकलीचा फोटो छापला होता, पुढच्या चाकावर भलामोठा रॅक आणि त्यावर पेपरचे गठ्ठे. त्यावर भरपूर प्रश्न आलेत, त्यातले निवडक घेतोय.

दादा, सोलापुरात साखर पेठेत आमचे माग आहेत, टॉवेलचे गठ्ठे सायकलवरून नवी पेठेतल्या दुकानांना देतो. मागच्या कॅरेजवर ३० किलो बांधलं की पुढचं चाक हलकं होतं, चढाला हँडल हातात राहत नाही. ती फोटोतली सायकल इथं बनवून मिळेल का बाहेरून मागवावी लागेल?
— टॉवेलवाला, साखर पेठ

बाहेरून मागवायची काय गरज नाही. तुमचा त्रास असा आहे की तुमचं स्वतःचं वजन आधीच जास्त करून मागच्या चाकावर असतं, त्यात अजून ३० किलो मागेच टाकले की पुढच्या चाकाला जमीन धरायला काही उरतच नाही. पॅरिसवाल्या पोरांनी हेच ओळखलं होतं, छापखान्यातून पेपर बाहेर पडला की गठ्ठा पुढच्या रॅकवर टाकायचा आणि गर्दीतनं सुसाट स्टॉलवर पोचायचं, रॅकवर ओझं ठेवून त्यांच्या शर्यतीसुद्धा लागायच्या. पुढे ठेवलेला माल डोळ्यासमोर राहतो, काही सैल झालं की लगेच दिसतं, आणि थांबल्यावर मागून कोण गठ्ठा उचलेल ही भीती नाही.

जुनी २८ इंची डबल बार, म्हणजे वर दोन दांडे असलेली सायकल बघा, पेठेत कुणाच्या तरी अंगणात नक्की पडून असेल. रंग गेला तरी चालेल पण चिमटा (पुढचं चाक धरणारे दोन पाय) आणि फ्रेमचे जोड रॉकेलनं पुसून नीट बघा, केसाएवढी भेग दिसली तरी ती सायकल सोडा. रॅक अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुठलाही चांगला फॅब्रिकेटर करून देईल, फक्त सांगताना एक गोष्ट पक्की सांगा की सगळं वजन पुढच्या ॲक्सलवर उतरलं पाहिजे, हँडलला काहीही टांगायचं नाही. चौकटीला १२ मिमीचा पाइप, मधल्या पट्ट्यांना ८ मिमीची सळी, दोन्ही बाजूंनी दोन-दोन पाय खाली ॲक्सलपर्यंत, आणि वर चिमट्याच्या दोन्ही पायांना क्लॅम्प. चौकटीला पाइपाऐवजी बांधकामाची सळई वापरू देऊ नका, रॅकच उगाच जड होईल. ॲक्सलला पट्टी बसवली की नटाला आटे कमी पडतात, नट पूर्ण चढत नसेल तर लांब ॲक्सल घाला, तिथं जुगाड नको. रॉड ब्रेकची सळी हँडलच्या नळीपुढून खाली जाते, म्हणून रॅकची मागची कड तिला घासणार नाही एवढी जागा सोडायची. उंची मडगार्डच्या वर दोन बोटं, बस्स, रॅक जेवढा खाली तेवढं हँडल शांत.

३० किलोतले २० पुढे आणि १० मागे ठेवा. पहिले काही दिवस दहा-बारा किलोवरच चालवून हात बसू द्या. बांधायला बाजारातले हुकवाले इलास्टिक घेऊ नका, आपल्या उन्हात एका सीझनमधे त्याचा जीव जातो, जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून वापरा. आणि मागचं १८ दातांचं फ्रीव्हील काढून २२ चं टाका, चेन थोडी वाढवावी लागेल. पुढे ४४ दात असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात साधारण साडेपाच मीटर जात होता ते साडेचार मीटरवर येईल, रेल्वे पुलाच्या चढाला गुडघे दुवा देतील.

मी कडक भाकरी आणि शेंगा चटणीचे बॉक्स हॉटेलांना पोचवते. लेडीज सायकलला पुढे रॅक लावून घेतला पण हळू चालवताना हँडल एका बाजूला ओढतं आणि वेगात थरथरतं. गॅरेजवाले म्हणतात चिमटा गरम करून पुढे वाकवून देतो. करू का?
— विजापूर रोड

ताई, अजिबात करू नका. चिमटा तापवला की लोखंडाची ताकद जाते, वरचा जोड ढिला पडू शकतो आणि दोन्ही पाय सारखे वाकले नाहीत तर चाक कायमचं तिरकं. चिमटा तुटला तर माणूस तोंडावर पडतो, ते बॉक्सपेक्षा फार महाग पडेल.

गॅरेजवाल्यांना सुचलं ते मुळात चूक नाही, फक्त पद्धत घातक आहे. हँडलच्या नळीची सरळ रेष जमिनीला जिथं टेकते आणि टायर जिथं टेकतो त्यातल्या अंतराला ट्रेल म्हणतात. ट्रेल जास्त असेल तर हँडल थोडं वळवलं की पुढचा भाग जरासा खाली बसतो आणि वरचं ओझं त्याला अजून त्याच बाजूला लोळवतं, हळू चालवताना तुम्हाला जे ओढल्यासारखं वाटतं ते हेच. रोजच्या रोड सायकलला ट्रेल साधारण ५५ ते ६० मिमी असतो, पुढे माल नेणाऱ्या सायकली मुद्दाम ३० ते ४० च्या आसपास बनवतात. चिमटा पुढे वाकवला की ट्रेल कमी होतो, पण ते नवा चिमटा बनवताना करायचं, जुना तापवून नाही.

तुमची थरथर बहुतेक दुसऱ्याच कारणानं असेल. पुढचा ब्रेक घट्ट दाबा आणि सायकल पुढे-मागे हलवा, हँडलच्या नळीत टक टक लागलं तर वाटी-छर्रे बदलून टाइट करून घ्या. चाकाचा आऊट काढून घ्या, म्हणजे चाक डगमगता सरळ फिरेल. मग बॉक्स लावताना चटणीचे डबे खाली आणि भाकरी वर, आणि सगळ्याचा मध्य बरोबर ॲक्सलवर, पुढे झुकलेला नाही. लेडीज फ्रेमला वरचा दांडा नसतो म्हणून ती ओझ्याखाली पीळ खाते, तेव्हा १५ किलोच्या वर जाऊ नका. एवढं करूनही थरथरली तर डबल बारवर या, साडीची अडचण असेल तर दांडा तिरका घेतलेली फ्रेम शोधावी लागेल, मिळते पण वेळ लागतो.

गिअरवाली सायकल आहे, पुढे शॉकप. तिला पोर्तर रॅक बसेल का? — बाळे

नको. शॉकपचा खालचा भाग वरखाली होतो, त्यामुळे रॅकचे पाय ॲक्सलला आणि वरचा आधार वरच्या भागाला असं बांधताच येत नाही. शॉकप काढून साधा लोखंडी चिमटा टाका मग विचारा, नाहीतर मागेच कॅरेज लावा.

मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट म्हणून पूर्ण पोर्तर फ्रेमच बनवायचीय. चाक आणि ब्रेक कुठले घेऊ? — होटगी रोड

भावा, लय भारी प्रोजेक्ट घेतलायस. चाकासाठी २८ इंचीच्या मागे लागू नकोस, त्यात चांगली ॲल्युमिनियम रिम शोधताना दमशील. फ्रान्सवाले पोर्तरला ६५०बी नावाच्या मापाचं चाक वापरायचे, त्याच्या रिमचा टायर बसतो तिथला व्यास ५८४ मिमी, आणि हेच माप आपल्याकडे २६ बाय दीड म्हणून चालतं. फक्त टायरच्या कडेला ५८४ छापलंय का ते बघूनच घे, कारण २६ इंच म्हणून वेगवेगळ्या मापाचे टायर विकले जातात आणि ते एकमेकांवर बसत नाहीत. चाक छोटं म्हणजे रॅकपण खाली, तोही फायदाच.

ब्रेकचं गणित मात्र मन लावून कर. क्रोमच्या लोखंडी रिमवर पावसात रबर नुसतं घसरतं, आणि पुढे २० किलो असताना ते परवडत नाही. ॲल्युमिनियम रिम आणि केबलवाले ब्रेक घे. पुढे ओझं असलं की थांबवायचं बरंचसं काम पुढच्या ब्रेकवर येतं, आणि जोरात दाबला तर मागचं चाक उलट लवकर उचलतं.

हँडलच्या नळीचा कोन ७३ अंश धरला आणि टायरसकट चाक ६८ सेमीचं, तर चिमट्याला ४५ मिमी वाक दिल्यावर ट्रेल ५७ येतो आणि ६५ दिल्यावर ३६. तुझं चाक किती भरतंय ते मोजून हेच कागदावर परत मांड. रिकामी चालवताना अशी सायकल जरा चंचल वाटते, तपासायला येणाऱ्या सरांना माल लावूनच चालवायला दे. जोड पितळेचे करणार असशील तर आधी भंगारातल्या नळ्यांवर हात साफ कर. आणि खालच्या नळीपासून चिमट्यापर्यंत एक स्प्रिंग लाव, डबल स्टँडवर उभी केल्यावर पुढचं चाक वळून माल खाली पडत नाही.

पुढच्या चाकात मोटर बसवली तर? वय ६२, ओझं मात्र पूर्वीएवढंच आहे. — कन्ना चौक

काका, मोटर बसवा पण मागच्या चाकात. पुढे रॅकचे पाय, ॲक्सलच्या पट्ट्या आणि त्यात मोटरचा पीळ, सगळं एकाच नटावर येतं. मोटर २५० वॅटच्या आत, वेग २५ किमीच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल तर नंबर प्लेट, लायसन्सची भानगड नसते, दुकानदाराकडून बिलावर हे आकडे लिहून घ्या. बॅटरी फ्रेमच्या मधे, खालच्या नळीवर, आणि दुपारी सायकल उन्हात सोडू नका.